३५ एमएम एफ १.२ मॅन्युअल फोकस लेन्स: घरच्या रोजच्या फोटोंना चालेल का?

खाडीकाठ (ठाणे):

नमस्कार मंडळी. माझ्याकडे फुजीचा एक्स-टी३ कॅमेरा आणि एक्सएफ ३५ एफ २ लेन्स आहे. लेन्सबद्दल तक्रार नाही, पण आमच्या घरात संध्याकाळनंतर उजेड फार कमी. आई देवापाशी दिवा लावते, मुलगी जेवणाच्या टेबलावर अभ्यास करते, हे मला फ्लॅश न मारता काढायचं असतं आणि आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता, ६४०० वर न्यावीच लागते, मग फोटो दाणेदार येतो. परवा फोर्टला बोरा बाजारात एका दुकानात व्हॉइग्टलँडर नॉक्टन ३५ एफ १.२ सेकंडहँड दिसली. एफचा आकडा जितका लहान तितकी लेन्स जास्त उघडते, म्हणजे माझ्या एफ २ पेक्षा हिच्यात उजेड जास्त. हातात घेतली आणि खाली ठेववेना. एवढीशी, सगळी धातूची, फोकसची रिंग लोण्यासारखी फिरते. पण ऑटोफोकस नाही. घरचे म्हणतात ही चार दिवसांची हौस आहे. मला चष्मा आहे आणि मुलगी सात वर्षांची, एका जागी बसत नाही. रोज वापरणारं कोणी असेल तर खरं काय ते सांगा.

पंचगंगा (कोल्हापूर):

ताई, मी लग्नाची कामं करतो. अक्षता पडताना फोकस हुकला तर परत संधी नाही, म्हणून माझ्या बॅगेत मॅन्युअल लेन्स नाही. घरच्या फोटोंचंही मला तेच वाटतं, मूल हसलं तो क्षण गेला की गेला. थोडे पैसे साठवून फुजीची ऑटोफोकसवाली एक्सएफ ३३ एफ १.४ घ्या. वजन ३६० ग्रॅम आहे, पण फोकसची चिंता नाही.

पेटारा (कुडाळ):

ताई, मी हीच लेन्स फुजीवर वापरतो, म्हणून सविस्तर लिहितो.

मी घेतली ती दशावतारासाठी. आमच्याकडे जत्रा सुरू झाल्या की रात्र रात्र देवळाच्या आवारात नाटक चालतं. पूर्वी पेट्रोमॅक्स असायची, आता एलईडी, पण उजेड रंगमंचापुरताच. मला जास्त ओढ मागच्या बाजूची. तिथे नट मांडी घालून पेटाऱ्यासमोर बसतात आणि आपला आपण रंग लावतात. डोक्यावर एकच बल्ब. एकदा राधेचं काम करणारे एक जुने नट भुवई कोरत होते. मी दाराशी उभा. त्यांनी आरशातूनच बघितलं आणि म्हणाले, "लांब कित्याक उभो? हंयसर बस." बसलो. त्यांच्यापासून हातभर अंतरावर. काडीने काळी रेघ ओढताना माणूस श्वास रोखतो, हात टेकवतो, मान हलवत नाही. त्या वेळी एफ १.२ वर रिंग फिरवायला भरपूर वेळ मिळतो. फोटोत डोळा आणि काडीचं टोक स्पष्ट, कान विरघळलेला, मागचा बल्ब म्हणजे नुसता पिवळा गोळा. लेन्स १९६ ग्रॅमची आहे, तोंडावर मोठी नळी रोखल्यासारखं होत नाही. समोरचा माणूस आपलं काम करत राहतो. माझ्या लेखी तिची सगळ्यात मोठी किंमत हीच आहे.

आता तुमच्या प्रश्नाकडे. एफ २ वरून एफ १.२ वर आलात की जवळपास दीड स्टॉप मिळतो (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड). म्हणजे आयएसओ ६४०० चं काम साधारण २५०० वर होतं. पण त्याच वेळी एक मीटरवर स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम चार सेंटिमीटरचा उरतो. दिवा लावणारी आई त्यात आरामात बसेल. धावणारी मुलगी नाही बसणार. तिच्यासाठी तुम्ही ॲपर्चर, म्हणजे लेन्सचं भोक, एफ २ च्या पुढे बंद करणार असाल तर उजेडाचा फायदा शून्य, आणि त्या कामाला तुमची आत्ताची लेन्सच चांगली. म्हणून माझं स्पष्ट मत: ही घ्यायची तर जोडीला घ्या, ती विकून नको.

हलणाऱ्या माणसाचं काय करायचं, ते मी नाटकातच शिकलो. दशावतारात सामान असं काही नसतं, एक बाकडं असतं. राजाचं सिंहासन तेच, झोपायला पलंग तोच. नट कुठेही गेला तरी बाकड्याकडे परत येतो. मी पहिल्या रांगेत खाली बसतो, चार मीटरवरच्या बाकड्याच्या कडेवर फोकस लावतो, एफ २.८ ठेवतो आणि रिंगेवरचा हात काढून घेतो. साडेतीन ते पावणेपाच मीटरमध्ये जो येईल तो स्पष्ट. काळ्या वेशातला संकासुर उड्या मारत आला तरी मला त्याचा पाठलाग करावा लागत नाही. घरातही अशी बाकडी असतात: दाराचा उंबरठा, टेबलाची कडा, झोपाळा. अंतर आधी ठरवायचं, माणसाची वाट बघायची.

फोकस पीकिंगवर, म्हणजे स्पष्ट भागाच्या कडा रंगवून दाखवणाऱ्या सोयीवर, फार विसंबू नका. एफ १.२ ला ते नाक, डोळा, केस सगळंच रंगवून दाखवतं, आणि काळ्या कपड्यावर त्याला कडाच सापडत नाही. कॅमेऱ्याची मागची डायल दाबून समोरच्याचा डोळा व्ह्यूफाइंडरमध्ये मोठा करून बघा. जवळून काढताना मी रिंग सोडून देतो आणि कमरेतून किंचित पुढे-मागे होतो. ते जास्त अचूक पडतं. आणि शटर मेकॅनिकलच ठेवा, १/१०० किंवा १/५० सेकंदावर. आपली वीज ५० हर्ट्झची, इलेक्ट्रॉनिक शटरने बऱ्याच एलईडीखाली फोटोवर आडवे पट्टे येतात.

खाडीकाठ (ठाणे):

पेटारा दादा, मनापासून आभार. झोपाळा आमच्याकडे आहे, पण तो तर हलतो! आणि चष्म्याचं राहिलं. चष्मा लावूनच बघायचं का?

पेटारा (कुडाळ):

झोपाळा दोन्ही टोकांना क्षणभर थांबतो. पुढच्या टोकाला फोकस लावून ठेवा आणि तिथे आला की दाबा, एफ २ वर सहज मिळेल.

व्ह्यूफाइंडरच्या बाजूला डायऑप्टरची, म्हणजे आपल्या नंबराप्रमाणे नजर जुळवायची, छोटी चकती असते. चष्मा काढून, आतली अक्षरं ठसठशीत दिसेपर्यंत ती फिरवा. फोटोकडे बघून नाही, अक्षरांकडे बघून. सिलिंड्रिकल नंबर जास्त असेल तर ती चकती पुरत नाही, मग चष्मा लावूनच सेट करा. घरात दुसऱ्या कोणी कॅमेरा घेतला की पहिलं हेच बिघडतं, तेव्हा बघत जा.

पंचगंगा: तुमचं म्हणणं कामाच्या बाबतीत शंभर टक्के बरोबर. पैसे घेऊन मीही ही लेन्स एकटी नेणार नाही.

डोंबिवली_फास्ट:

एक पुरवणी. दुकानात नॉक्टन ३५ एफ १.४ सुद्धा दाखवतील. ती लायका कॅमेऱ्यांच्या एम माऊंटची (माऊंट म्हणजे लेन्स बसायची खाच), फुजीवर ॲडॉप्टर लावून बसते. माझ्याकडे तिची पहिली आवृत्ती आहे. दिसायला गोड, पण जवळात जवळ ०.७ मीटर. वर वर्णन केलेला भुवईचा फोटो तिने निघणार नाही. फुजीसाठीची नॉक्टन एफ १.२ मात्र ०.३ मीटरपर्यंत येते. शिवाय माझ्या लेन्समध्ये ॲपर्चर बंद करत गेलं की फोकसची जागा सरकते, त्यामुळे ज्या ॲपर्चरला फोटो काढायचा त्यालाच फोकस करावा लागतो. दोन्ही बनवते जपानची कोसिना कंपनी. व्हॉइग्टलँडर हे व्हिएन्नातलं १७५६ सालचं नाव, कोसिना ते १९९९ पासून वापरते.

आंबाघाट (देवरूख):

पैसे देण्याआधी ॲपर्चर पूर्ण उघडा आणि मागच्या बाजूने मोबाईलचा टॉर्च मारून आत बघा. कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा दिसल्या तर बुरशी, किती का स्वस्त मिळेना, घेऊ नका. ॲपर्चरच्या पात्यांवर तेल नाही ना, तेही बघा.

खाडीकाठी राहता, म्हणजे दमटपणा आहेच. पावसाळ्यात लेन्स कपाटात किंवा चामडी पाकिटात ठेवू नका. झाकण घट्ट बसणारा प्लॅस्टिकचा डबा, त्यात सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांत राहिला पाहिजे. जेलचा रंग बदलला की मंद आचेवर कोरडं करून परत वापरता येतं. आणि लेन्स वापरत राहा, उजेडवारा लागलेला तिला चांगला.

खाडीकाठ (ठाणे):

शनिवारी माझाच कॅमेरा आणि टॉर्च घेऊन जाते. एफ २ विकत नाही, हे नक्की. पेटारा दादा, जत्रा कधी सुरू होतात तुमच्याकडे?

पेटारा (कुडाळ):

कार्तिकात. गावागावाची तिथी वेगळी, दिवाळीनंतर इथेच विचारा, सांगतो. खाली बसायला सतरंजी आणा, आणि मुलीला दुपारी झोपवून आणा. आख्यान रंगायला मध्यरात्र होते.