चट्ट्याची 'रिॲक्शन': प्रतिक्रिया म्हणावं की आणखी काही?

भाषांतरकर्ती: कुष्ठरोगाच्या पेशंटांसाठी माहितीपत्रक मराठीत करतेय आणि 'लेप्रा रिॲक्शन'पाशी अडलेय, म्हणजे या रोगात जुने चट्टे अचानक लाल होऊन सुजतात त्याला काय म्हणायचं तिथे. 'प्रतिक्रिया' लिहिलं तर वाटतं, चट्ट्यापुढे कुणी माईक धरून 'काय वाटतंय?' असं विचारलंय. त्यात पुढचं वाक्य: 'जंतूंची प्रथिने प्रतिजन म्हणून काम करतात.' इथे प्रतिजन म्हणजे अँटिजेन, शरीराची प्रतिकारशक्ती जागी करणारा पदार्थ. आईला वाचून दाखवलं, तर ती म्हणाली, "प्रतिजन किती?" प्रथिन म्हटल्यावर तिच्या डोळ्यांपुढे डाळ आली, मग प्रतिजन म्हणजे माणशी एक वाटी. तिचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

निवृत्त कुष्ठतंत्रज्ञ: काहीही लिहा, पण नुसतं 'रिॲक्शन' नको. आपल्याकडे रिॲक्शन येते ती गोळीची नाहीतर इंजेक्शनची. एका बाईंचं एमडीटीचं, म्हणजे कुष्ठरोगावरच्या एकत्रित गोळ्यांचं, तिसरं पाकीट चालू होतं. गालावरचा चट्टा लालबुंद होऊन फुगला, कोपराची नस ठणकायला लागली. "रिॲक्शन आहे," असं त्यांना सांगण्यात आलं. बाईंनी घरी जाऊन सगळ्या गोळ्या बंद केल्या! मराठीत त्या शब्दाचा अर्थ तोच होतो ना. खरं तर एमडीटी चालूच ठेवायची असते, जोडीला प्रेडनिसोलोन देऊन सूज उतरवायची असते. दोन महिन्यांनी त्या परत आल्या तेव्हा करंगळी वाकली होती.

प्रयोगशाळेतला: शब्द ठरवण्याआधी आत काय घडतं ते बघू. हा जंतू फार संथ. एकाचे दोन व्हायला बारा-चौदा दिवस लागतात. तो त्वचेतल्या भक्षकपेशींत आणि नसांभोवती आवरण करणाऱ्या 'श्वान' (Schwann) पेशींत दडून बसतो. औषधाने मेला तरी त्याचा सांगाडा तिथेच राहतो, कधी कधी वर्षानुवर्षं. भक्षकपेशी त्याच्या प्रथिनांचे तुकडे करून आपल्या पृष्ठभागावर मांडते. टी पेशींना, म्हणजे प्रतिकार करणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींना, ते तुकडे ओळखू आले की त्या इंटरफेरॉन-गॅमा हे इशारा देणारं रसायन सोडतात, आणखी पेशी धावून येतात, चट्टा सुजतो. ही टाइप वन रिॲक्शन. नस एका आवरणात कोंडलेली असल्यामुळे तिथली सूज तिलाच चिरडते. म्हणजे ही गोळीची ॲलर्जी नव्हे. मेलेल्या जंतूच्या अवशेषांवरूनही ती पेटू शकते, अगदी उपचार संपल्यावरसुद्धा.

टाइप टू वेगळी. ती शरीरात जंतू भरपूर असलेल्या पेशंटांना होते. तिथे प्रतिजन आणि प्रतिपिंड (अँटिबॉडी, प्रतिजनाला चिकटणारी शरीराची प्रथिनं) यांच्या जोडगोळ्या ऊतींत अडकतात. ताप येतो, अंगावर दुखऱ्या गाठी उठतात.

आता गंमत बघा. 'प्रतिजन' म्हणजे प्रतिपिंड जन्माला घालणारा. पण टाइप वनमध्ये मुख्य काम टी पेशींचं, प्रतिपिंडांचं नव्हे. त्यामुळे तिथे हा शब्द व्युत्पत्तीनेही अडचणीत येतो. आणि या जंतूच्या ज्या प्रथिनांचा खूप अभ्यास झाला त्यांतल्या एका हीट शॉक प्रथिनाचं 'उष्माघात प्रथिन' असं भाषांतर मी स्वतः वाचलंय. मे महिन्यातलं चंद्रपूरच आठवलं.

कोशवाचक: या रोगाच्या शब्दांचे घोळ जुनेच आहेत. कोड हा शब्द कुष्ठावरूनच आलेला. हिंदीत 'कोढ' म्हणजे कुष्ठरोग, मराठीत 'कोड' म्हणजे नुसते पांढरे डाग, ज्यांचा जंतूशी संबंधच नाही. आपल्याकडे कुष्ठरोगाला 'रक्तपिती' म्हणायचे, पण आयुर्वेदातलं 'रक्तपित्त' म्हणजे रक्तस्रावाचा विकार. 'महारोग' आता कुणी लिहीत नाही, तरी वरोऱ्याच्या आनंदवनाची संस्था आजही 'महारोगी सेवा समिती'च आहे. इथे 'भडका' कसा वाटतो?

निवृत्त कुष्ठतंत्रज्ञ: भडक्याने माणूस घाबरतो. पेशंट स्वतः म्हणायचे, "चट्टे उठले." टाइप टूला "गाठी आल्या." कळायला तेवढं पुरायचं.

प्रयोगशाळेतला: 'चट्टे उठले' म्हटलं की नवीन चट्टे आले असंही वाटेल. मग तो रोग उलटल्याचा संशय.

कोशवाचक: मग 'जुने चट्टे' म्हणा. एका विशेषणाने काम होतं.

भाषांतरकर्ती: प्रतिजन काढून टाकलं. आता असं केलंय:

"औषधाने मेलेल्या जंतूंचे अंश अंगात काही काळ राहतात. शरीर त्यांच्यावर जोराने तुटून पडलं, की जुने चट्टे लाल होऊन सुजतात, नस दुखते. याला डॉक्टर लेप्रा रिॲक्शन म्हणतात. ही गोळ्यांमुळे आलेली रिॲक्शन नाही. गोळ्या बंद करू नका. त्याच दिवशी दवाखान्यात या."

निवृत्त कुष्ठतंत्रज्ञ: "गोळ्या बंद करू नका" सगळ्यात वर घ्या, ठळक अक्षरात. आणि 'नस दुखते'च्या पुढे 'किंवा हातापायातली ताकद कमी होते' हेही घाला. काहींची नस अजिबात दुखत नाही, चप्पल पायातून निसटायला लागते तेव्हाच कळतं.