चिऱ्याच्या घरात जुने हॉर्न स्पीकर: कोण म्हणतं जमत नाही?

चिरेबंदी:
परवा इथे एकाने लिहिलं, "जुने हॉर्न स्पीकर म्हणजे जत्रेतला कर्णा. तो घरात आणणारे गाणं ऐकत नाहीत, जुन्या वस्तूंचं प्रदर्शन मांडतात." दुर्लक्ष करणार होतो, पण खाली इतक्यांनी माना डोलावल्या की आता लिहितोच.

कर्णा आणि हॉर्न यांचं तत्त्व एकच आहे, त्यात लाज कसली? १९२५ पर्यंत रेकॉर्डिंगसुद्धा कर्ण्यातूनच व्हायचं. ड्रायव्हरचा, म्हणजे आवाज काढणाऱ्या यंत्राचा, पडदा आणि खोलीतली हवा यांच्यामध्ये हॉर्न गिअरचं काम करतो. पडदा जेमतेम हलतो आणि खोली भरते. पडद्याची धाव कमी, म्हणून विकृतीही कमी. अमेरिकन स्पीकर-निर्माते पॉल क्लिप्श जन्मभर हेच सांगत राहिले. १९४६ पासून बनणारा त्यांचा क्लिप्शहॉर्न एका वॅटला एक मीटरवर १०४-१०५ डेसिबल देतो. साधा बुकशेल्फ, म्हणजे फळीवर मावणारा छोटा स्पीकर, ८६ च्या आसपास. या १८ डेसिबलचा अर्थ असा, की याला जिथे एक वॅट पुरतो तिथे त्याला साठाहून जास्त लागतात. माझा ३००बी ट्यूबचा (जुन्या काचेच्या व्हॉल्व्हचा) अँप जेमतेम आठ वॅटचा. त्याने बुकशेल्फ काय ढवळणार?

आता कोपऱ्याचं. ५० हर्ट्झची, म्हणजे खोल बासची, लाट सात मीटरच्या आसपास लांब. तेवढ्यासाठी सरळ हॉर्न केला तर घरात माणसांना जागा उरणार नाही. क्लिप्शने तो घडी घालून पेटीत बसवला आणि पुढचा विस्तार खोलीच्या दोन भिंतींवर सोपवला. फ्लॅटमध्ये एका कोपऱ्यात दार, दुसऱ्यात सरकती काच. आमच्या माजघराला दोन अख्खे कोपरे आहेत आणि चिऱ्याची भिंत हातभर जाड. बास लागला तरी ढिम्म हलत नाही. वर कौलं, त्यामुळे सपाट स्लॅबवरून आदळणारा घुमारा नाही. वाडीतल्या बुवांच्या भजनाचं रेकॉर्डिंग माझ्याकडे आहे. पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक लावलेली असते, तिचा जड हुंकार आणि उजव्या शाईचा टणत्कार दोन्ही सुटे ऐकू येतात. बुकशेल्फवर त्यांचा मिळून एक धपका होतो.

खाडीपलीकडचा:
ते लिहिणारा मीच, आणि शब्द मागे घेत नाही. क्लिप्शहॉर्नमध्ये ४०० पासून ६००० हर्ट्झपर्यंत सगळं एका मधल्या हॉर्नमधून येतं. गायकीचा जीव नेमका तिथे. बाईंचा तार षड्ज लागला की आवाज नाकात जातो. जुन्या धातूच्या हॉर्नना मागून मॅस्टिक (कंप मारणारा चिकट लेप) थापणारे लोक काय हौसेने थापतात का? पत्रा वाजतो म्हणूनच ना? त्यात बासचा रस्ता घडीघडीतून, म्हणून तो ट्वीटरच्या (बारीक सूर काढणाऱ्या भागाच्या) नंतर पोचतो. पखवाज सुटा ऐकू येतो म्हणता, तो वेळेच्या फरकाने सुटा होत नाही कशावरून?

एडगर विल्चरने १९५४ मध्ये एआर-१ हा स्पीकर आणून दाखवून दिलं की सीलबंद पेटीतल्या हवेचीच स्प्रिंग केली तर फळीवर मावेल अशा पेटीतूनही खोल बास निघतो. खोल बास, छोटी पेटी आणि कार्यक्षमता, यातल्या दोनच मिळतात. मी कार्यक्षमता सोडली, कारण वॅट आज स्वस्त आहेत. आणि कोपऱ्याचा एवढा अभिमान असेल तर २०१९ च्या आवृत्तीत कंपनीनेच पेटीची पाठ बंद करून कोपऱ्याचा हट्ट का सोडला, ते सांगा.

चिरेबंदी:
कारण गिऱ्हाईक फ्लॅटमध्ये राहतं! हा मुद्दा माझ्याच बाजूचा झाला.

ट्यूबवाले काका:
दोघंही तावातावाने बोलताय, पण जुना माल मिळतो कुठे आणि कसा, यावर कोणी बोलत नाही. मी अल्टेक ए७ या जुन्या हॉर्न स्पीकरची जोडी घेतली. मुंबईतल्या एका विक्रेत्याने 'ओरिजिनल डायफ्रॅम' म्हणून गळ्यात मारली. उघडून बघतो तर दोन्हीकडे वेगवेगळ्या बनावटीचे नकली पडदे. डावीकडे झांज चमकते, उजवीकडे खसखसते. फोन केला तर म्हणे, तुमच्या कानांचं वय झालं. चाळीस वर्षं ट्यूब बदलणाऱ्या माणसाला हे ऐकवायचं? आधी हे बाजारातले चोर आवरा, मग हॉर्न की पेटी ते ठरवू.

तरी एक सांगतो. ए७ मुळात थिएटरसाठी. दहा फुटांवर बसून ऐकाल तर हॉर्न वेगळा आणि वूफर (बासचा स्पीकर) वेगळा ऐकू येणारच. आमच्या पडवीतून माजघरात ऐकतो तेव्हा कुठे दोन्ही एकजीव होतात.

सुतारपाख:
आवाजाचं राहू द्या. आमच्या पावसात ही पेटी टिकते का ते बोला. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. जुन्या पेटीचे प्लायचे थर आषाढात फुगतात, श्रावणात वाळवी लागते. सरळ फणसाची पेटी करा. दक्षिणेत मृदंग आणि वीणा फणसाच्याच होतात.

खाडीपलीकडचा:
वीणेचं खोड वाजायला हवं असतं. स्पीकरची पेटी वाजता कामा नये! मूळ विषयाशी याचा संबंध काय?

सुतारपाख:
संबंध हा, की तुमचे दोघांचेही स्पीकर पेटीतच आहेत. माझ्या आजोबांनी केलेलं फणसाचं कपाट आजही दार न अडकता उघडतं. फॅक्टरीतल्या प्लायचं असं एक दाखवा.

देवगडची:
कपाट आणि हॉर्न एक नव्हे, दादा. मी स्वतः फर्निचर करते. अख्ख्या लाकडाची रुंद फळी पावसाळ्यात आडवी फुगते, उन्हाळ्यात आकसते. घडीच्या हॉर्नमध्ये तिरक्या फळ्या एकमेकींत अडकलेल्या असतात. एक हलली की सांधा सुटतो, फट पडते आणि बास त्या फटीतून फुसफुसतो. प्लायचे थर एकमेकांना आडवे चिकटवतात ते फुगणं रोखायलाच. आयएस ७१० या भारतीय मानकाचा मरीन प्लाय घ्या, कापलेल्या कडा आधी सील करा, पेटी जमिनीपासून चार बोटं उचला. वाळवीचं औषध पेटीला मारून थांबू नका, भिंतीच्या पायालाही मारा, कारण ती चिऱ्याच्या सांध्यातूनच वर येते.

सुतारपाख:
फणस नीट मुरवलाच नाही तर फुगणारच. दोन-तीन पावसाळे पडवीत उभा ठेवा, मग बोला. आजकाल कोणाला धीर आहे?

देवगडची:
धीराचा प्रश्नच नाही. मुरलेलं लाकूडही दमट हवेत पाणी ओढतं. तुमच्या कपाटाच्या दाराची फळी चौकटीत सैल बसवलेली असेल, म्हणून ते अडकत नाही. जाऊन बघा. आजोबांना ते कळत होतं. हॉर्नच्या घडीत फळी सैल ठेवून चालत नाही.

सुतारपाख:
खाचेत बसवली आहे, हे खरं. पण म्हणून प्लाय श्रेष्ठ ठरत नाही.

वेंगुर्लेकर:
बाबांनू, हॉर्नाच्या भांडणात फणस खयसून इलो? माझा सीलबंद पेटीवाला स्पीकर होता. त्याच्या वूफरची फोमची कड दमट हवेने चिकट होऊन बोटाला लागायला लागली. पुढे नुसता हात लावला की भुकटी. जुन्या हॉर्नच्या वूफरांना कापडाची कड असते, ती राहते. एवढ्यासाठी तरी हॉर्नवाल्यांच्या बाजूने माझं मत.

खाडीपलीकडचा:
फोम गेला तर रबराची कड बसवून घ्या, कुठेही मिळते. त्यासाठी कपाटाएवढा स्पीकर घरात कशाला हवा? वर माजघराचे दोन्ही कोपरे कायमचे अडकले. गणपती कुठे बसवता, चिरेबंदी?

चिरेबंदी:
गणपती पूर्वेच्या भिंतीला मधोमध बसतात, कोपऱ्यात नव्हे.

तार षड्जाबद्दल एवढं मान्य करतो, की मधला हॉर्न मॅस्टिक न लावता ऐकला तर आवाज कडक लागतो. मी मॅस्टिक लावलंय. क्रॉसओव्हरचे (आवाज खोल-मधल्या-बारीक भागांत वाटणाऱ्या सर्किटचे) जुने कपॅसिटरही बदललेत. ते न बदलता ऐकणारे लोक शिळ्या कपॅसिटरचा दोष हॉर्नच्या माथी मारतात. तुम्ही ऐकलेल्या जोडीचे बदलले होते का?

खाडीपलीकडचा:
नव्हते बहुतेक. पण वेळेचा फरक कपॅसिटर बदलून जात नाही. त्यावर तुम्ही अजून अवाक्षर काढलेलं नाही.

चिरेबंदी:
कारण तो फरक आहे, काही मिलिसेकंदांचा. भजनात मला तो खटकत नाही. तबल्याच्या वेगवान लयीत तुम्हाला खटकत असेल तर तुमचं ऐकणं तुमच्यापाशी.

देवगडची:
सुतारपाख, कपाटाच्या फळीची जाडी आणि खाचेची खोली मोजून लिहा. आणि चिरेबंदी, तुमची पेटी मागून भिंतीला नेमकी कशी भिडते त्याचा फोटो टाका. तिथे बोटभर जरी फट असेल तर तुमच्या त्या जाड भिंतीचा उपयोग अर्धाच होतोय.