उडता झाडू घरी कोणी कोणी केला आहे?

गेल्या आठवड्यात बाजारात हिरांच्या नव्या खराट्यांची मोळी दिसली आणि लेकीच्या शाळेतील ग्रंथालयासाठी आम्ही केलेला उडता झाडू आठवला. जादूच्या गोष्टींची पुस्तके मांडायची होती आणि त्यांच्यावर छताखाली तरंगणारा झाडू हवा होता. दांड्यासाठी पेरूची वाळलेली, किंचित वळणाची फांदी घेतली. तिची साल पूर्ण काढून पॉलिशपेपरने घासली, कारण सालीखाली कीड राहिली तर आतून भुगा पडू लागतो. हीर रात्रभर भिजवले, लांब आत आणि आखूड बाहेर असे थर लावून तांब्याच्या तारेने आवळले आणि टोकाकडे सुतळीचा वेढा देऊन सावलीत वाळू दिले. वेढा सोडल्यावरही शेपटी मध्ये फुगीर आणि टोकाशी मिटलेली राहिली, आणि तो झाडू वेगाने निघाल्यासारखा दिसू लागला. तुम्ही केला असेल, तर कृपया सविस्तर लिहावे.

सुतारपक्षी
खरे काम टांगण्याचे असते. शेपटी जड असल्यामुळे तोल दांड्याच्या मध्यावर येत नाही, म्हणून आधी झाडू एका बोटावर तोलून तो बिंदू शोधावा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना तंगूस बांधावा. वरचे हूक खालच्या गाठींपेक्षा जास्त अंतरावर ठेवले, तर झाडू स्वतःभोवती फिरत नाही. पुढचे टोक थोडे वर उचललेले असावे. हूक पीओपीच्या छतात मुळीच लावू नये, स्लॅबमध्येच लावावा.

गवतीचहा
आणि प्रकाश बाजूने सोडावा. समोरून सोडला की तंगूस चमकतो. मागे गडद, चमक नसलेले कापड लावले, तर तो जवळजवळ दिसेनासा होतो.

रत्नांग्री
आमच्याकडे झावळ्या घरच्याच, त्यामुळे हीर काढण्यापासून सगळे अंगणात झाले. मुले दांड्यावर बसून पाहू लागली तेव्हा आजीने त्यांना थांबवले. लक्ष्मीपूजनाला जिची पूजा करतो तिच्यावर पाय टाकायचा नाही, असे तिचे म्हणणे होते. मग तिनेच त्या झाडूला हळदकुंकू लावले आणि तो जमिनीला न टेकवता थेट टांगायला सांगितले. तारेजवळचे ते कुंकू आम्ही तसेच राहू दिले आहे.

गवतीचहा
रत्नांग्री, आजींना माझा नमस्कार सांगा. आमच्या घरीही केरसुणीला पाय लागला की लगेच हात जोडावे लागत.

इंग्लंडवासी
इकडे हा झाडू मुळात बर्चच्या डहाळ्यांचा असतो. डहाळ्या हिवाळ्यात, पाने गळल्यावर तोडतात, काही महिने रचून वाळवतात, जुडी तारेने घट्ट आवळतात आणि मग टोक काढलेला दांडा तिच्या मधोमध ठोकून बसवतात. मी हिरांचा झाडूही याच पद्धतीने केला. जुडी आधी आणि दांडा नंतर, या क्रमाने तार इतकी ताणली जाते की डिंक लागतच नाही. एक झाडूवर आणि एक काठीवर बसून उडणाऱ्या दोन स्त्रियांचे चित्र 1451 च्या एका फ्रेंच हस्तलिखिताच्या समासात आहे, आणि त्यातली झाडूची ठेवण पाहून शेपटी किती जाड ठेवायची ते मी ठरवले.

हार्ट्झजवळून
जर्मनीत ब्रोकेन डोंगराच्या परिसरात झाडूवर बसलेल्या चेटकिणींच्या बाहुल्या दुकानादुकानांत टांगलेल्या असतात. 30 एप्रिलच्या रात्री चेटकिणी त्या डोंगरावर जमतात, अशी तिथली जुनी समजूत आहे. मी मुलासाठी तसाच छोटा झाडू केला; दांड्याला पेन्सिलीएवढी काडी पुरली.

पुणेरी_आई
घाईत लिहिते आहे, कुकर लावला आहे. भाड्याच्या घरात छताला भोक पाडता येत नसेल तर काय करावे?

सुतारपक्षी
मग वजन कमी करावे. प्लास्टिकच्या पाइपवर वर्तमानपत्राचे तुकडे फेविकॉलने चिकटवत जावे, शेवटचा थर ओला असतानाच कंगव्याने लाकडाच्या रेषा ओढाव्यात आणि सुकल्यावर तपकिरी रंग द्यावा. शेपटीही विरळ बांधावी. इतका हलका झाडू दोन कपाटांवर आडव्या ठेवलेल्या काठीलाही टांगता येतो.

रत्नांग्री
पावसाळ्यात हिरांवर बुरशी धरते, तेवढी काळजी घ्यावी. आम्ही जूनच्या आधी झाडू उतरवून कडक उन्हात वाळवतो आणि वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर ठेवतो.

पुणेरी_आई
पाइप घरात आहेच. शनिवारी मुलांना घेऊन बसते.