स्वार्थाच्या विरुद्ध काय: परमार्थ की परार्थ?

प्रश्न – माणदेशी

माझी मुलगी सहावीत आहे. तिच्या वहीतील विरुद्धार्थी शब्दांच्या यादीत ‘स्वार्थ × परमार्थ’ अशी जोडी आहे. ती वाचून तिने विचारले, “म्हणजे जो देवधर्म करत नाही तो स्वार्थी का?” मला उत्तर देता आले नाही. माझी अडचण केवळ शब्दाची नाही. माझ्या सासूबाई आता पंचाहत्तरीला आल्या आहेत, पण आजही त्या सर्वांची जेवणे उरकल्यावर एकट्या बसतात, तव्यावरची करपलेली भाकरी आणि पातेल्याच्या तळाला राहिलेली आमटी वाढून घेतात. गावात सगळे त्यांना निःस्वार्थी म्हणतात. मी गरम भाकरी सगळ्यांबरोबर बसून खाते आणि मन मला खात राहते. स्वार्थाचा नेमका विरुद्ध अर्थ कोणता, आणि स्वतःच्या ताटाकडे पाहणे हा स्वार्थ आहे का, हे जाणकारांनी सांगावे.

प्रतिसाद – शब्दशोधक

‘अर्थ’ म्हणजे येथे प्रयोजन किंवा हित. ‘स्व’च्या समोर ‘पर’ उभा राहतो, म्हणून स्वार्थाच्या विरुद्ध परार्थ ही जोडी व्युत्पत्तीने चोख बसते. परमार्थात ‘पर’ नसून ‘परम’ आहे, म्हणजे सर्वश्रेष्ठ हित, आणि त्याच्या समोर मराठीत प्रपंच येतो. समर्थांचे ‘आधी प्रपंच करावा नेटका, मग घ्यावे परमार्थविवेका’ हे वचन याच जोडीवर उभे आहे आणि त्यात प्रपंचाला कोठेही कमी लेखलेले नाही. तरीही वहीतली जोडी अगदीच निराधार म्हणता येणार नाही, कारण ‘पुण्य पर उपकार, पाप ते परपीडा’ असे तुकोबांनी सांगितले आणि वारकरी परंपरेने दुसऱ्याच्या उपयोगी पडणे हे परमार्थाचेच अंग मानले. ‘निःस्वार्थ’ हा शब्द मात्र मला अपुरा वाटतो, कारण तो काय नाही एवढेच सांगतो. जाता जाता एक निरीक्षण नोंदवतो. स्वार्थी माणसासाठी आपल्या बोलीत आपमतलबी, अप्पलपोटा असे ठसठशीत शब्द आहेत, पण अप्पलपोट्याच्या उलट असणाऱ्यासाठी तितकाच नेमका एक शब्द मला सापडत नाही. तेथे आपण ‘मनाचा मोठा’, ‘सढळ हाताचा’ अशा शब्दप्रयोगांवर भागवतो.

प्रतिसाद – निवृत्त मास्तर

भर्तृहरीच्या नीतिशतकात, जे वामनपंडितांनी मराठीत आणले, या प्रश्नाला फार उपयोगी पडेल असा एक श्लोक आहे. स्वार्थ सोडून दुसऱ्याचे हित साधणारे ते सत्पुरुष. स्वतःच्या हिताला बाध न येऊ देता दुसऱ्यासाठी झटणारे ते सामान्य. स्वार्थासाठी दुसऱ्याच्या हिताचा घात करणारे ते मनुष्यरूपी राक्षस. आणि काहीही कारण नसताना परहिताचा घात करणाऱ्यांना काय म्हणावे हे आपल्याला कळत नाही, असे कवी म्हणतो. ताईंनी यातील दुसरी पायरी नीट पाहावी, कारण गरम भाकरी सर्वांबरोबर खाणारी व्यक्ती तेथे बसते आणि त्या पायरीला कवीने दोष दिलेला नाही. दोष सुरू होतो तो दुसऱ्याचा वाटा ओढून घेण्यापासून.

लोकमान्यांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या गीतारहस्यात स्वार्थ आणि परार्थ यांची सविस्तर छाननी आहे. दुसऱ्याचे भले करून आपल्यालाच समाधान मिळते, तेव्हा परोपकारसुद्धा स्वार्थच, हा युक्तिवाद अनेकजण करतात. मला तो कधीच पटलेला नाही. समाधान मागाहून येते. हात पुढे होतो तो समोरच्याची गरज पाहून, आणि स्वार्थ ठरतो तो हेतूवरून.

प्रतिसाद – दवाखान्यातली ताई

मी परिचारिका आहे आणि या प्रश्नातील भाकरी मला रोज दिसते. बाई तपासणीला येते, तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली तर आत लाली नसते, आणि जेवणाचे विचारल्यावर ती अभिमानाने सांगते, “सगळ्यांचे झाल्यावर जे उरेल ते.” राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातील १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. त्याला जंतांपासून पाळीतील रक्तस्रावापर्यंत अनेक कारणे आहेत, परंतु अपुरे जेवण हे त्यांतले मोठे कारण आहे. घरात पुरेसे असताना एकीनेच रोज कमी खाल्ले तर त्यात कोणाचे हित साधते, हे मला आजवर कोणी सांगू शकलेले नाही. त्याला मी परार्थ म्हणणार नाही.

प्रतिसाद – शब्दशोधक

ताईंचे म्हणणे आजच्या घरांना लागू आहे, मात्र १९७२ च्या दुष्काळात पिठाचा डबा खरोखर रिकामा होता. दुष्काळी कामावर खडी फोडून आल्यावर लाल मिलोच्या, म्हणजे परदेशातून आलेल्या तांबड्या ज्वारीच्या, मोजक्या भाकऱ्यांतून जिने आपली अर्धी पोरांच्या ताटात टाकली, तिचे वागणे भर्तृहरीच्या पहिल्या पायरीवरचे होते आणि त्याबद्दल मला नितांत आदर आहे. डबा भरल्यावरही ती सवय सुटली नाही, ही वेगळी गोष्ट आहे.

प्रश्नकर्तीचे उत्तर – माणदेशी

सर्वांचे मनापासून आभार. सासूबाई १९७२ मध्ये नुकत्याच लग्न होऊन या घरी आल्या होत्या, हे मला ठाऊक होते, पण त्यांच्या त्या ताटाशी त्याचा संबंध मी कधी जोडला नव्हता. मुलीच्या वहीत ‘परार्थ’ लिहिले आणि शाळेत विचारले तर काय सांगायचे तेही तिला समजावले. काल रात्री चौघांची ताटे एकदम वाढली. सासूबाईंनी दोनदा ताट मागे सारले. मग मुलीने तव्यावरची पहिली भाकरी नेऊन त्यांच्या ताटात ठेवली, तेव्हा त्यांनी ती मोडली आणि अर्धी तिच्याकडे सरकवली.