पूर आणि टायफून सारखा नाही

'२०१९ चा महापूर बघितलेल्या कोल्हापूरकराला टायफूनचं काय भ्या' असं टायफूनच्या (म्हणजे पूर्व आशियाकडच्या चक्रीवादळाच्या) चर्चेत कुणीतरी लिहिलंय, ते नाही पटलं. पंचगंगा चढताना कळते, राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका, तोवर निदान जनावरं-सामान हलवता येतं. टायफूनमध्ये पाण्याआधी वारा अंगावर येतो. मी हाँगकाँगला शिकवायला होतो, सप्टेंबर २०१८ चा मांगखुट हा माझा पहिलाच टायफून, वरच्या मजल्यावर राहायचो तर अख्खी बिल्डिंग हलतेय हे पायाला कळत होतं, काचांना टेप लावून आतल्या खोलीत बसलो आणि इकडून आईचे फोनवर फोन.

शाळांचं कुणी लिहिलं नाही म्हणून सांगतो. तिथं वेधशाळेचे वादळाच्या इशाऱ्याचे सिग्नल आहेत, १, ३, ८, ९, १०, आकडा मोठा तसं वादळ जोराचं. तीन लागला की बालवाड्या बंद, आठ लागला की सगळ्याच शाळा बंद, आणि आठ लागायच्या साधारण दोन तास आधी सांगतात, त्यामुळं पोरं घरी पोचतात. पालकांना, पोरांना सगळ्यांना हे पाठ! मांगखुटला दहा लागला तो रविवार, पण झाडं पडून रस्ते अडले म्हणून सोमवार-मंगळवारही शाळा बंदच ठेवल्या, वारा थांबला तरी. शिरोळ-करवीरच्या नदीकाठच्या शाळांना बंधाऱ्याच्या फुटांवर असाच ठरलेला नियम पाहिजे असं मला मनापासून वाटतं.