डेलावेअर नदीच्या पुलावर पिस्तुलाचा परवाना का संपावा?

मूळ मुद्दा (ॲलनटाउन, पेनसिल्व्हेनिया)

मी अमेरिकी नागरिक आहे आणि कपड्यांआड पिस्तूल बाळगण्याचा पेनसिल्व्हेनियाचा परवाना माझ्याकडे सहा वर्षांपासून आहे. रात्री दुकान बंद करून रोकड घेऊन घरी परतावे लागते, म्हणून तो काढला. धाकटी बहीण न्यू जर्सीत एडिसनला राहते. तिच्याकडे निघताना मी कमरेचे पिस्तूल काढून घरच्या तिजोरीत ठेवतो, कारण ज्या वस्तूसाठी शेरीफने माझी पूर्वपीठिका तपासून परवाना दिला, तीच वस्तू ईस्टनजवळचा, दोन राज्यांच्या सीमेवरील डेलावेअर नदीचा पूल ओलांडताच मला तुरुंगात पाठवू शकते. गाडी चालवण्याचा परवाना पन्नासही राज्यांत चालतो, मग हाच नदीपाशी का अडतो?

२०१३ मध्ये फिलाडेल्फियातील दोन मुलांच्या आईला न्यू जर्सीत अटलांटिक सिटीजवळच्या रस्त्यावर पोलिसांनी थांबवले. पिस्तूल आणि पेनसिल्व्हेनियाचा परवाना जवळ असल्याचे तिने स्वतःहून सांगितले आणि त्या खरेपणापायीच सक्तीच्या तुरुंगवासाची टांगती तलवार तिच्या डोक्यावर आली. न्यू जर्सीचे तेव्हाचे गव्हर्नर ख्रिस ख्रिस्ती यांनी २०१५ मध्ये तिला माफी दिली, पण प्रत्येकाच्या वाट्याला गव्हर्नरची दया येत नाही. परवान्यांना परस्पर मान्यता देणारे विधेयक डिसेंबर २०१७ मध्ये प्रतिनिधी सभागृहात मंजूर होऊन सिनेटमध्ये अडकले. तसा कायदा झालाच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

प्रतिसाद (एडिसन, न्यू जर्सी)

त्या मातेबद्दल मलाही वाईट वाटले, तरी तुमचा निष्कर्ष मला मान्य नाही. गाडीचा परवाना सगळीकडे चालतो, कारण तो देण्याआधी बहुतेक राज्ये गाडी चालवून दाखवायला लावतात. पेनसिल्व्हेनिया पिस्तुलाचा परवाना देताना प्रशिक्षणाची अट घालत नाही. न्यू जर्सीत मात्र नेमबाजीची चाचणी द्यावी लागते. त्यातच २०२४ पर्यंत २९ राज्यांनी परवान्याची गरजच काढून टाकली आहे. सरसकट मान्यता दिली, तर सर्वांत ढिला नियम ज्या राज्याचा, त्याचाच अंमल आमच्या रस्त्यावर सुरू होईल, आणि आम्ही निवडून दिलेल्या विधिमंडळाला त्यात काही म्हणता येणार नाही. आमच्याकडे आल्यावर पंपावर स्वतःच्या हाताने पेट्रोलही भरता येत नाही, आणि तो नियम तुम्ही मुकाट्याने पाळताच.

माझी सात वर्षांची मुलगी शाळेत गोळीबार झाला तर लपता यावे म्हणून दिवे मालवून, तोंडावर हात ठेवून भिंतीला टेकून बसण्याचा सराव करते. घरी आल्यावर ती मला विचारते, ‘आई, शिंक आली तर काय करायचं?’ ज्या राज्यात हा प्रश्न मला ऐकावा लागतो, तिथे कोणी पिस्तूल घेऊन यावे हे ठरवण्यात माझ्या मताला किंमत हवी.

प्रतिसाद (कोलंबस, ओहायो)

दोघांच्याही बोलण्यात १९८६ चा संघीय कायदा आलेला नाही. जिथून निघालो आणि जिथे पोहोचायचे, त्या दोन्ही ठिकाणी शस्त्र बाळगणे कायदेशीर असेल, तर मधल्या राज्यांतून ते नेता येते. मात्र ते रिकामे हवे, आणि ते किंवा काडतुसे प्रवाशांच्या हाताशी असता कामा नयेत. वेगळी डिकी नसलेल्या गाडीत कुलूपबंद पेटी लागते, आणि ग्लोव्ह बॉक्स त्यासाठी चालत नाही. मी व्हरमाँटला शिकारीसाठी न्यूयॉर्कमधून असाच जातो. एडिसनला मुक्काम करणाऱ्याला मात्र याचा उपयोग नाही, कारण त्याचा प्रवास न्यू जर्सीतच संपतो.

हे संरक्षण किती तकलादू आहे, तेही सांगतो. २००५ मध्ये यूटाचा एक प्रवासी विमानाने तुमच्याच ॲलनटाउनला निघाला होता. नेवार्कला त्याचा पुढचा प्रवास चुकला, पिस्तूल असलेली बॅग त्याच्या हाती आली आणि ती घेऊन तो रात्रभर हॉटेलात राहिला. सकाळी विमानतळावर त्याने नियमानुसार बॅगेत पिस्तूल असल्याचे सांगितले, तेव्हा त्याला अटक झाली. त्या रात्री पिस्तूल त्याच्या हाताशी होते, म्हणून २०१० मध्ये संघीय अपील न्यायालयानेही त्याचा दावा फेटाळला. माझ्या मते आधी हा १९८६ चा कायदा पक्का करावा. परस्पर मान्यतेचा वाद पुढेही घालता येईल.

आपल्यातील अनेकांसाठी आणखी एक गोष्ट सांगतो. एच-१बी व्हिसावर असलेल्यांना शिकारीच्या परवान्यासारखे काही अपवाद वगळता बंदूक किंवा काडतूस बाळगता येत नाही, आणि ग्रीन कार्डधारकाला शस्त्रास्त्राच्या गुन्ह्यात शिक्षा झाल्यास देशाबाहेर काढले जाऊ शकते. अशा मित्रांना गाडीत बसवण्यापूर्वी डिकीत काय आहे ते सांगा.

मूळ मुद्दा मांडणाऱ्याचे उत्तर

मुलीचा प्रश्न वाचून मी बराच वेळ थांबलो. प्रशिक्षणाचा आक्षेप मला मान्य आहे. देशभर एकच चाचणी ठेवा, मी ती न्यू जर्सीच्या निकषांवर द्यायला तयार आहे. परंतु ती उत्तीर्ण झाल्यावरही पुलापलीकडे मी गुन्हेगार ठरणार असेन, तर ते मला अन्यायकारकच वाटेल.

प्रतिसाद (एडिसन)

ती चाचणी आजही देता येते, कारण परराज्यातील माणसालाही न्यू जर्सीचा परवाना मागता येतो. तो रीतसर अर्ज करून घ्या, मग मी हरकत घेणार नाही. माझा विरोध परीक्षेवाचून मिळणाऱ्या मान्यतेला आहे.