मदत हवी आहे: आईच्या स्मरणसभेसाठी १९६८-७० मधल्या मराठी नर्सेसच्या आठवणी

नमस्कार मंडळी,

गेल्या महिन्यात आई गेली. १९६८ साली मॅट्रिक होऊन ती मिरजेहून एकटीच लंडनला आली, नर्स व्हायला. पुढच्या महिन्यात तिची स्मरणसभा आहे आणि बोलायचं मला आहे.

आम्हा भावंडांना आठवते ती रात्रपाळीहून येऊन आधी आमचे डबे भरणारी आई. लंडनमधल्या डॉलिस हिलला महाराष्ट्र मंडळात गणपतीच्या दिवसांत पुरणपोळ्या लाटणारी. आणि इंग्रजी न येणाऱ्या आज्यांबरोबर डॉक्टरकडे जाऊन, त्यांचं दुखणं त्यांच्याच शब्दांत समजावणारी. रजेच्या दिवशीसुद्धा जायची. पण आमच्या जन्माआधीची ती आम्हाला माहीतच नाही.

एवढंच कळलंय की तिला ३ वर्षांच्या स्टेट रजिस्टर्डऐवजी २ वर्षांच्या स्टेट एन्रोल्ड नर्सच्या अभ्यासक्रमाला घातलं. बाहेरून आलेल्या कितीतरी मुलींचं तसंच झालं. फरक कुणी नीट सांगितलाच नाही; एन्रोल्ड नर्सला बढतीची वाट जवळजवळ बंद, आणि ती पात्रता भारतात चालत नसे. आईने पुढे मुलं सांभाळून रजिस्टर्डची परीक्षा दिली. याबद्दल ती कधी बोलली नाही. मला मात्र सभेत ते सांगायचंच आहे.

तुमच्या आई, मावशी, आत्या त्या काळात इंग्लंडमध्ये नर्स होत्या का? नर्सेस होममधलं (नर्सेसच्या वसतिगृहातलं) राहणं, पहिला हिवाळा, घरी पाठवलेली पत्रं, काहीही चालेल. जुने फोटो असतील तर फारच बरं. आणि प्रशिक्षणाच्या नोंदी कुणी मिळवल्या असतील तर अर्ज कुठे केलात, तेही कळवा.